खराब म्हणून कापलेला भाग

माझ्या आजोळच्या लग्नांच्या कॅसेटींत आवाज भरपूर आहे, पण त्यातला एकही आमच्या माणसांचा नाही. अक्षता पडतात तेव्हा सिनेमातलं गाणं. पाठवणीला मावशी आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, गळ्यात पडते तेव्हा दुसरं गाणं, जास्त रडकं. पंगतीत वाढपी काहीतरी ओरडतोय हे त्याच्या तोंडावरून कळतं. कानावर येते ती सनई, आणि तीही रेकॉर्डवरची.

ज्यांची लग्नं नव्वदच्या दशकात झाली त्यांना हे सांगायला नको. खांद्यावर पॅनासॉनिकचा मोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, त्याच्यामागे सनगन उंच धरून उभा असलेला घामाघूम पोरगा, आणि तो उजेड अंगावर पडला की फोटो काढायला बसल्यासारखे ताठ होणारे पाहुणे. लग्न उरकलं की महिना-दोन महिन्यांनी 'मिक्सिंग' होऊन कॅसेट घरी यायची. मिक्सिंग म्हणजे काय, तर मूळ कॅसेट एका व्हीसीआरमध्ये, कोरी दुसऱ्यात, मधे मिक्सर. नवरा-नवरीच्या भोवती बदाम, आत्याबाईंच्या भोवती फुलांची चौकट, नावं गोल फिरत येणार. आणि मंडपातला सगळा गलका बंद करून त्यावर गाणी. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याकडेच राहायची. तीन तासांची ई-180 कॅसेट काही फुकट मिळत नव्हती, त्यामुळे पुढच्या मुहूर्ताला तिच्यावरच दुसऱ्याचं लग्न चढायचं. पैसे मोजून आपण घरी आणली ती नक्कल, आणि अस्सल गेली पुसून. त्या काळात याचं कुणालाच काही वाटलं नाही. उलट ज्याच्या कॅसेटीत बदाम जास्त, त्याचा शूटिंगवाला भारी.

मला हे टोचायला लागलं ते मावशीच्या लग्नाच्या कॅसेटीमुळे. लग्न मे 1993 मधलं, औसा तालुक्यात, आजोळी. त्यानंतर चारच महिन्यांनी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना, 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी आणि भोवतालच्या गावांचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहणारी ती घरंच झोपलेल्या माणसांवर बसली. आमचं आजोळ किल्लारीपासून थोडं लांब, म्हणून माणसं वाचली. घरं मात्र निम्मी गेली आणि उरलेल्या निम्म्यांतली माळवदं लोकांनी भीतीनं स्वतःच उतरवली. पत्रा आला, मग आरसीसी आलं. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंतची ती बोळ, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाची जोती, ओट्यांवर बसलेल्या बाया, हे सगळं हलत्या चित्रात एकाच ठिकाणी आहे: मावशीच्या वरातीत. आणि नेमकं तिथं मिक्सिंगवाल्यानं पडद्याचे चार तुकडे केलेत. तिन्हींत नवरी, एकात गाव.

एक चतुर्थांश पडद्यावरचं ते गाव मिळवायचं म्हणून मी जुन्या कॅसेटी काँप्युटरवर उतरवायच्या या कामात पडले.

व्हीएचएस कॅसेट चालवायला व्हीसीआर लागतो, आणि व्हीसीआर आता कुणी बनवत नाही. जपानची फुनाई ही कंपनी शेवटपर्यंत बनवत होती, तिनंही जुलै 2016 मध्ये हात टेकले. म्हणजे जगात जेवढे चालू आहेत तेवढेच, आणि त्यांचे रबरी पट्टे दरवर्षी आणखी कडक होत जाणार. आमचा व्हीसीआर दिवाणात होता. लातूरला गंजगोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात त्यांपैकी एकावर एक चाचा अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. मी त्यांच्यासमोर व्हीसीआर ठेवला आणि चित्राऐवजी नुसत्या मुंग्या येतात म्हणून सांगितलं. त्यांनी झाकण काढलं, आतल्या चकचकीत तिरप्या ड्रमकडे बोट केलं आणि म्हणाले, "हेड खराब नै हुआ ताई, मैला हुआ."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. त्यांनी मऊ कातड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवला, तो ड्रमच्या कडेला नुसता टेकवून धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रम हळूहळू फिरवला. कातडं हललं नाही, ड्रम हलला. वर-खाली कधीच पुसायचं नाही, कारण ड्रमच्या फटीतून जरासं डोकावणारं ते हेड नखाच्या टोकापेक्षा लहान असतं आणि उभा हात लागला की तुटतं. कातड्यावर तपकिरी रेघ उमटली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भाड्यानं आणलेल्या कुठल्या कॅसेटींची ती माती असेल कोण जाणे. मग त्यांनी माझ्या कॅसेटीची खिडकी उजेडाकडे धरून रिळाची कड बघितली. पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही, नाहीतर एकीची बुरशी पुढच्या सगळ्यांना लागते. आमच्याकडे ती नव्हती. मराठवाड्याच्या कोरड्या हवेचा एवढा एक उपकार. (माझ्या नणंदेचं घर चिपळूणचं, तिच्या कॅसेटींच्या कडांवर कापूस पिंजल्यासारखं उगवलंय.) आमचं दुखणं वेगळं, ते उन्हाचं. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात हात ठेववत नाही, आणि घराघरांतल्या कॅसेटी आणि सीड्या नेमक्या तिथंच पोत्यात असतात.

चाचांनी आणखी एक गोष्ट केली. कॅसेटीच्या पाठीवरच्या कोपऱ्यात प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, ती मोडली की त्या कॅसेटीवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आमच्या कॅसेटीवर ती शाबूत होती. म्हणजे इतकी वर्षं कुणीही चुकून लाल बटण दाबलं असतं तर मावशीच्या लग्नावर एखादी मालिका चढली असती. त्यांनी ती स्क्रू-ड्रायव्हरनं टचकन मोडली आणि पैसे घेतले ते फक्त सफाईचे.

व्हीएचएसचं काँप्युटरवर घेणं हे नाही म्हटलं तरी पुन्हा रेकॉर्डिंगच असतं. कॅसेट वाजत राहते, एक छोटं यूएसबी यंत्र तो सिग्नल पकडतं, तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. वरात मिळाली. चार तुकड्यांतला गावाचा तुकडा मी वेगळा कापून मोठा करून बघितला, तर ओट्यावरच्या बायांचे चेहरे म्हणजे ठिपके. मामी तरी ओळखते. लुगड्याच्या रंगावरून आणि बसण्याच्या तऱ्हेवरून.

खरी मजा मामाच्या टेपांमध्ये होती.

मामा टेक्सासला. तो दर दोन-तीन वर्षांनी नाताळच्या सुट्टीत यायचा आणि सोनीचा मिनीडीव्ही हँडीकॅम घेऊन यायचा, पुढे जुना झाला म्हणून तो इथंच ठेवून गेला. त्याच्या काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या टेपा एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. 2004 च्या सुमारास आबांनी हौसेनं एका दुकानातून त्यांच्या डीव्हीडी करून घेतल्या होत्या, आणि 'टेपांचं सगळं डीव्हीडीवर आलंय' अशी घरात समजूत होती. डब्याकडे त्यामुळे कुणी बघितलं नव्हतं.

मिनीडीव्ही 1995 पासूनची. तिच्यावर चित्र आकड्यांच्या रूपातच असतं, म्हणून ती 'वाजवून' पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नाही. फायरवायरच्या तारेनं टेपेवरचे आकडे जसेच्या तसे काँप्युटरवर उतरतात. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याच खाचेला आय-लिंक लिहिलेलं असतं. आजच्या लॅपटॉपला ती खाच नसते. एक जुना डेस्कटॉप, त्यात बसवायचं कार्ड आणि एका टोकाला बारीक, दुसऱ्याला जाड अशी तार, हे जमवलं की झालं. तासाभराच्या टेपेला तास लागतो आणि साधारण 13 जीबी जागा जाते. पण मिळतं ते अस्सल, एकही थेंब न सांडलेलं.

कॅमेरा अमेरिकेतला, म्हणजे एनटीएससी: 480 ओळी, सेकंदाला जवळपास 30 चित्रं. आपल्याकडची पद्धत पालची, 576 ओळी, 25 चित्रं. दुकानवाल्यानं डीव्हीडी करताना एकाचं दुसऱ्यात केलं होतं, म्हणून डीव्हीडीत कॅमेरा आडवा फिरला की शेत धक्के खात सरकतं. टेपेत ते सुळकन सरकतं. पहिल्याच टेपेला हे दिसलं आणि मला वाटलं, बाकीच्याही पुन्हा उतरवाव्यात.

तिसऱ्या की चौथ्या टेपेत येळवस निघाली.

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांसाठी: मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे येळवस असते, पुस्तकी नाव वेळा अमावस्या. त्या दिवशी शहरात कुत्रं भेटत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. शेतमालकानं ज्वारीत फिरत आंबील शिंपडायची आणि "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडायचं. सीमेवरचा सण, त्यामुळे आरोळीत कानडीचा वास. गावागणिक ती थोडी बदलते आणि प्रत्येक गावाला आपलीच खरी वाटते.

डीव्हीवर प्रत्येक चित्रासोबत तारीख-वेळ गुपचूप लिहिलेली असते. पडद्यावर दिसत नाही, मागितली तरच दाखवते. डीव्हीडी करताना ती गळून पडते, म्हणून घरात वाद होता की ही येळवस कोणत्या सालची. आई म्हणे धाकट्या भावाच्या बारावीच्या वर्षाची, मावशी म्हणे त्याच्या आधीची. टेपेनं सांगितलं: 23 डिसेंबर 2003. वेळ मात्र रात्री 1 वाजून 10 मिनिटं, आणि पडद्यावर टळटळीत दुपार. मामानं घड्याळ टेक्सासचंच ठेवलं होतं. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या मागे साडेअकरा तास, ते मिळवले की दुपारचे 12:40. जेवणाची वेळ, बरोबर.

डीव्हीडीवर ही येळवस मी इतकी वर्षं बघत आले. आबा आंबील शिंपडताना, पोरं बोरीखाली, आजी कॅमेऱ्याला बघून पदर सारखा करताना, कुणीतरी मामाला म्हणतंय, "कामून शूटिंग करायलास, भज्जी खा की आधी." मग एकदम संध्याकाळ आणि बैलगाडी. टेपेत भज्जी आणि बैलगाडी यांच्यामध्ये आणखी सात-आठ मिनिटं आहेत. चित्र असं काही नाहीच. कॅमेरा कुणीतरी चालूच ठेवून वाकळेवर आडवा टाकलाय. पडद्यावर उभा झालेला कडबा, एक पितळी तांब्या अर्धा, आणि मधूनच जाणाऱ्या मुंग्या. दुकानवाल्यानं ते काढून टाकलं होतं. आईला त्याचे शब्दही आठवतात: "जमिनीचं शूटिंग निघालं होतं मधे, ते कापलंय. त्याचे पैसे नाही लावले."

आणि त्या सात-आठ मिनिटांत आबा बोलतायत.

औशाला उर्दूतून शिकलेले आबा तसे कमी बोलणारे. निजामाच्या रझाकारांच्या दिवसांबद्दल घरात कुणी विचारलं तर "गेलं ते" म्हणून पान लावायला घ्यायचे. इथं कोपीत जेवून टेकल्यावर, कॅमेरा बंद आहे अशा समजुतीत, ते शेजारच्या कुणाला तरी सांगतायत. रझाकार आले म्हटलं की बायालेकरं गाडीत घालायची आणि बार्शीकडं काढायची, कारण बार्शी मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, भाईर. एकदा गाडी निघायच्या आधी रात्री ज्वारीच्या पेवाचं, म्हणजे जमिनीतल्या कोठाराचं, तोंड दगड-मातीनं बुजवलं, वर शेणानं सारवलं, त्यावर चूल मांडली आणि चुलीत राख टाकली, रोजची चूल वाटावी म्हणून. ते आले, घर उचकलं, चुलीपाशी उभे राहून पाणी प्याले आणि गेले. भारतीय फौजा 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 ला निजामानं शरणागती दिली, हे आम्ही शाळेत दरवर्षी झेंडावंदनाला ऐकलं. चुलीखालचं पेव मला पन्नाशीत आल्यावर ऐकायला मिळालं, आबा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर.

दुकानवाल्यावर मी रागावू शकत नाही. जमिनीचं शूटिंग कोण ठेवतं? त्यानं त्याच्या परीनं माल चांगला करून दिला. मिक्सिंगवाल्यानंही तेच केलं होतं, आणि त्या डीव्हीडीची पुढे कुणी व्हीसीडी केली त्यानंही. व्हीसीडीत तर चित्र 352 बाय 288 चं. टेपेवर सेकंदाला जेवढी माहिती असते तिचा विसावा हिस्साही तिथं उरत नाही. मग ती व्हीसीडी टीव्हीवर लावून मोबाइलनं शूट केली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. आंबिलीत दर पाहुण्यागणिक पाणी वाढवत जावं तसं.

आणि हे थांबलेलं नाही. माझा भाचा पुण्याला आयटीत आहे, गुणी मुलगा. त्यानं आजीचा तो पदर सारखा करतानाचा तुकडा घेतला, कुठल्याशा एआयमधून काढला आणि ग्रुपवर टाकला. फोर-के. सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. बदाम काही आपली पाठ सोडत नाहीत. मी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर आजीला वरचे दोन दात आले होते. तिला 2003 साली ते नव्हते. कपाळावरचं गोंदण गेलं होतं, कारण यंत्राला तो डाग वाटला. ज्या ठिकाणी टेपेवर माहितीच नाही तिथं यंत्र आपल्या मनानं भरतं, आणि भरलेलं कुठलं नि अस्सल कुठलं हे नंतर कुणाला सांगता येत नाही. भाच्याला म्हटलं, खेळ खुशाल, पण मूळ फाइलला हात लावू नको आणि या फाइलच्या नावात 'एआय' लिही. त्यानं लिहिलं. थोडा हिरमुसला.

सीड्या-डीव्हीड्यांचं काम सोपं असेल असं वाटलं होतं, ते निम्मं खरं निघालं. घरी केलेल्या डीव्हीडीला कुलूप नसतं. आतला व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर आख्खा उचलून हार्डडिस्कवर ठेवला की काम झालं. त्यातल्या एकेक जीबीच्या फाइली बघून घाबरायचं नाही आणि त्या 'एमपी-फोर करून' घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण तिथं पुन्हा पाणी घातलं जातं. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीत माहिती साच्यातून दाबलेली असते. आपण घरी जाळतो त्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ऊन-उष्म्यानं विटतो. माळ्यावरच्या डीव्हीड्या कडेच्या बाजूला वाचता येईनात. साधी कॉपी अशा जागी अडकून बसते. डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकटातला प्रोग्रॅम आहे, तो चांगला भाग आधी उतरवून घेतो, वाईट जागांची नोंद ठेवतो आणि मग त्यांच्याकडे पुन्हापुन्हा जातो. एका ड्राइव्हनं नाही वाचलं ते दुसऱ्यानं वाचलं, असंही झालं. व्हीसीड्यांना चूकदुरुस्तीचं कवच मुळातच कमी, त्यातल्या काही गेल्या त्या गेल्याच.

चुलतभावाच्या तळहाताएवढ्या डिस्का वेगळ्याच. डिस्कवर शूटिंग करणारे हँडीकॅम मधे काही वर्षं निघाले होते, 1.4 जीबी, अर्ध्या तासाचा मामला. काँप्युटरला त्या कोऱ्या दिसत होत्या. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यातूनच त्या 'फायनलाइझ' कराव्या लागायच्या आणि ते कुणी केलंच नव्हतं. कॅमेरा सापडला, त्याचा चार्जर सापडायचाय. तोवर त्या कोऱ्या समजून फेकू नयेत म्हणून डबीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

सगळ्याच्या दोन प्रती केल्या, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक माझ्याकडे, एक भाच्याकडे पुण्याला. टेपा आणि कॅसेटी फेकल्या नाहीत. माळ्यावरून काढून खालच्या कपाटात उभ्या ठेवल्यात.

मग नावं द्यायला बसले, कारण नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली पुढच्या पिढीला काही सांगणार नाहीत. तारीख, गाव, प्रसंग, आणि कोण बोलतंय. पेवाच्या गोष्टीत आबा चुलीपाशी येतात तेव्हा एक बाईचा आवाज मधेच म्हणतो, "राख म्या टाकली की." हा आवाज कुणाचा? आईचं म्हणणं आजीचा. मावशी म्हणते छे, आजी त्या साली बोळक्या तोंडानं बोलायची, हा चुलत आजीचा, ती जाऊ म्हणून तेव्हा एकाच घरात होती. दोघींनी हेडफोन लावून ऐकलं, दोघींचं मत आणखी पक्कं झालं. विचारायला आता आजी नाही, चुलत आजीही नाही. मी फाइलपाशी दोन्ही नावं लिहिली आणि टेक्सासला फोन लावला, की शूटिंग तुझं, कोप तुझ्यासमोर, कोण बसलं होतं तिथं?

मामा म्हणाला, मी कुठं होतो तिथं, मी तर कॅमेरा ठेवून उसाच्या फडात गेलो होतो. आणि मग, जरा थांबून: "चालू राहिला होता काय तो? आबा काय म्हणले, ऐकव की."